खोकल्याच्या गाण्याची तपासणी

गल्लीत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण ती वळणावर दिसली की कुणीतरी आत हाक मारायचेच, "अगं, चौकशीबाई येतेय, खुर्ची पुसून ठेव." तिलाही ते ठाऊक होते आणि त्यात तिला काही वावगे वाटत नसे. चौकशी हेच तिचे काम होते. आरोग्य खात्याने रेडिओवर काही सांगितले, भिंतीवर पोस्टर लावले, रिक्षावर कर्णा बांधून गल्लोगल्ली ओरडून सांगितले, की त्यांच्या मागोमाग हिने जायचे आणि पाहायचे: पोस्टर खरेच लागले का, कर्णा खरेच फिरला का, आणि ज्यांच्यासाठी एवढी उठाठेव केली त्यांच्या डोक्यात त्यातले काय उरले.

या कामात तिने काय काय पाहिले होते! हात धुण्याचे पोस्टर न्हाव्याने आरशाच्या तड्यावर चिकटवलेले. लसीचे पोस्टर जाड कागद म्हणून वाण्याने तेलाच्या डब्याखाली घातलेले, आणि वर "बाई, अजून दोन-चार मिळतील का हो?" अशी मागणी. एका कर्णेवाल्याने तर कमाल केली होती. उन्हाचा कंटाळा येऊन तो चहाच्या टपरीसमोरच रिक्षा उभी करी आणि डासांची सगळी घोषणा दिवसभर त्या एका टपरीलाच ऐकवी. शेवटी टपरीवाल्यानेच हात जोडून तक्रार केली, "बाई, मी टाकी झाकली, बादली झाकली, आता काय स्वतःला झाकून घेऊ?" ती पोट धरून हसली, पण टिपून घ्यायला विसरली नाही.

विचारण्याची तिची एक खास रीत होती आणि ती तिला आईमुळे लागली होती. आईला कमी ऐकू येई, पण कबूल करायची नाही. काहीही सांगा, मान डोलावून "हो हो" म्हणायची, आणि आणायला सांगितले साबण तर घेऊन यायची सुई-दोरा. म्हणून लेक लहानपणापासून सांगून झाले की विचारी, "काय सांगितलं मी? म्हणून दाखव बघू." आई वैतागे, "तू माझी आई की मी तुझी?" पण म्हणून दाखवी. तेव्हापासून नुसत्या होकारावर हिचा कधी विश्वास बसला नाही. लोकांच्या दारातही ती "ऐकलं का?" एवढ्यावर थांबत नसे. "काय ऐकलं ते सांगा," म्हणे आणि गप्प बसे. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना तिचे मागणे एवढेच असे, की समोरचा माणूस खरे बोलो आणि ते मला ऐकू येवो.

त्या वर्षीची मोहीम खोकल्याची, म्हणजे क्षयाची होती. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, तपासणी फुकट, औषध फुकट, एवढेच सांगायचे होते. पण ज्या माणसाला गाणे करायला दिले तो मोठा हौशी निघाला. त्याने एक खोकलेराव उभा केला. पोस्टरवर हा खोकलेराव कमरेत वाकलेला, डोळे बाहेर आलेले, हातात भला मोठा रुमाल. आणि गाणे असे:

खॉक खॉक, खोकलेराव,
दवाखान्याला घ्या हो धाव!
दोन आठवडे झाले ना?
थुंकी तपासून आले ना?

त्यातला खोकला गाणेवाल्याने स्वतःच काढला होता, आणि तो इतका अस्सल होता की रेडिओ ऐकताना माणूस नकळत मागे सरके. बघता बघता गाणे सगळ्यांच्या तोंडी झाले. चौकशीबाई ज्या दारात जाई तिथे विचारायच्या आतच घरातली चिल्लीपिल्ली "खॉक खॉक" सुरू करत. इतके पाठ झालेले दुसरे काहीही तिने आजवर तपासले नव्हते. ऑफिसात आनंदीआनंद झाला. हेच गाणे आता बाकीच्या सगळ्या गावांना पाठवायचे, असे वरच्या साहेबांनी जवळजवळ ठरवूनच टाकले.

एकट्या मोहीमप्रमुख मॅडम खूश नव्हत्या. वयाने लहान, बोलायला तुटक, पण डोके जाग्यावर. त्यांनी चौकशीबाईला बोलावून घेतले.

"बाई, गाणं सगळ्यांनी ऐकलं. मग तपासायला कोण आलं?"

"कोण आलं?"

"तेच विचारतेय. लॅबवाले म्हणतात, यंत्राला कपडा घालून बसलोय. गाण्याआधी येत होती तेवढीसुद्धा माणसं येत नाहीत. का, ते शोधून काढा. पुढच्या बैठकीत हे गाणं सगळीकडे जाणार. एकदा गेलं की परत बोलावता येत नाही."

चौकशीबाई विचार करतच घरी आली. घरात थोरल्या जाऊबाई होत्या. त्या जवळच्या छापखान्यातल्या कामगारांना दुपारचे डबे देत. त्यांच्या हाताला चव होती आणि जिभेला धार.

"आलात का परीक्षा घेऊन? आज कोण कोण नापास?"

"सगळे पास, ताई. तीच तर पंचाईत आहे."

"अगं बाई, नापास झाले तरी हिला काळजी, पास झाले तरी हिला काळजी! तुला देवानं माणूस का केलं, मास्तरीणच करायची." असे म्हणून जाऊबाईंनी कढईत मिरच्या टाकल्या आणि पदर तोंडावर धरून खोकू लागल्या. "ठसका लागला गं, दुसरं काही नाही."

तेवढ्यात चौकशीबाईची मुलगी बाहेरून धावत आली. "मोठी आई खोकलेराव! खॉक खॉक खोकलेराव!" जाऊबाईंनी उलथने उगारले, पोर खिदळत पळाली, जाऊबाईही हसल्या. सगळे कसे रोजच्यासारखे झाले. फक्त जेवताना घरधनी म्हणाला, "वहिनीचा हात हल्ली फार तिखट झालाय." आणि ते खरेच होते.

मग एक दिवस कर्णेवाल्याची रिक्षा बंद पडली, तपासायला काही उरले नाही, आणि चौकशीबाई भर दुपारी घरी परतली. डबे गेलेले होते, कढई घासून पालथी घातलेली होती, शेगडी थंड होती. आणि मागच्या खोलीतून कसलासा दबका आवाज येत होता, कुणी ओले कपडे आपटावेत तसा. तिने डोकावून पाहिले. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. घडी घातलेल्या गोधडीत त्यांनी चेहरा खुपसला होता आणि त्यांचे खांदे उसळत होते.

"ताई, कधीपासून हे?"

जाऊबाई दचकल्या. "कधीपासून काय? मिरचीचा ठसका."

"शेगडी केव्हाच विझलीय."

 जाऊबाईंनी गोधडीची घडी उगीचच नीट केली. त्या मागच्या महिन्यापासून त्याच घडीत तोंड लपवून खोकत असाव्यात.

"उद्या सकाळी आपण दवाखान्यात जाऊ," चौकशीबाई म्हणाली.

"मी नाही यायची. तिथं जाताना कुणी पाहिलं तर? छापखान्यात संध्याकाळच्या आत बातमी जाईल. खोकलेरावच्या हातचं खाता का रे, म्हणतील. एक डबा राहायचा नाही."

"हा आजार श्वासातून पसरतो, ताई. हातच्या जेवणातून नाही."

"ते तू मला सांगितलंस. त्यांना कोण सांगणार? तुझं गाणं?" जाऊबाईंचा आवाज चढला, आणि चढल्यामुळे पुन्हा खोकला आला. तो ओसरल्यावर त्या हळू बोलल्या. "तुझी पोर रोज माझ्यासमोर गाते. मी हसते. न हसून सांगते कुणाला? खालचे म्हातारे वॉचमन ओट्यावर बसायचे बंद झाले, पाहिलंस? त्यांनाही पोरांनी असंच हैराण केलंय. तू ते गाणं बंद कर. ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी तू म्हणशील तिथं येऊन थुंकते."

 चौकशीबाईने एवढेच केले: खोलीची खिडकी सताड उघडली, पोरांची अंथरुणे दुसऱ्या खोलीत हलवली आणि खोकताना तोंडावर धरायला स्वच्छ फडके आणून दिले. मग देवासमोर बसली. तिने काही मागितले नाही. "मला हे गाणं थांबवायचंय," एवढे सांगितले आणि उठली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळे ऐकून घेतले. जाऊबाईंचे नाव तिने काढले नाही, "ओळखीतल्या एक" म्हणाली.

"मला पटतंय, बाई," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्या पटण्यानं काही होत नाही. एका घरावरून मोहीम थांबत नसते. बैठकीच्या आत सगळ्या वस्तीत विचारून या. पण हे विचारणार कसं? लपवतात ते सांगतील कशाला?"

मॅडमची शंका खरी ठरली. "घरात कुणाला खोकला?" असे विचारले की प्रत्येक दारात एकच उत्तर, "नाही हो, आम्ही सगळे ठणठणीत." एका घरात तर हे बोलणे चालू असतानाच पडद्यामागे कुणी खोकले आणि घरच्या बाईने चटकन रेडिओ मोठा केला. रेडिओवर नेमका खोकलेरावच खोकत होता. बाई ओशाळून हसली, चौकशीबाईही हसली, आणि रिकाम्या हाताने जिना उतरू लागली.

जिन्यावर ती थोडा वेळ थांबली. आपण चुकीचे विचारतोय, हे तिला कळत होते. माणूस स्वतःबद्दल सांगत नाही. मग कुणाबद्दल सांगतो? दुसऱ्याबद्दल. गल्लीत दुसऱ्याबद्दल सांगायला कधी कुणाला आग्रह करावा लागला आहे?

पुढच्या दारात तिने घरातल्या मुलांना सांगितले, "गाणं म्हणून दाखवा बघू." मुलांनी उत्साहाने म्हटले, पण "घ्या हो धाव" पाशी थांबली. "पुढचं?" पुढचे धडपणे कुणालाच येत नव्हते. दोन आठवडे, थुंकी, तपासणी, सगळे गळून गेले होते. उरला होता फक्त खोकलेराव.

"बरं, मागच्या वेळी कुणाला पाहून म्हटलं होतं?"

मग काय, पोतेच उसवले. शाळेच्या शिपायाला पाहून. बसच्या कंडक्टरला पाहून, तो आता तिकीट देताना तोंड मिटूनच बोलतो. वरच्या मजल्यावरच्या आजीला पाहून, ती हल्ली खिडकीत येत नाही. मोठी माणसेही मागे नव्हती. शिवणाऱ्या बाईने हसत सांगितले, "आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक खोकलं की बाकीच्या सगळ्या एका सुरात चालू होतात. करमणूक होते हो." आणि सांगता सांगता तिचे हसू आपोआप मावळले. "ते गिऱ्हाईक परत नाही आलं, बाई."

पायाला फोड येईपर्यंत चौकशीबाई हिंडली. एकेका गल्लीत तेच निघत होते. गाणे पोचले होते, पण ज्याला खोकला आहे त्याच्या कानापेक्षा त्याच्यावर हसणाऱ्याच्या तोंडात जास्त.

बैठकीला वरचे साहेब होते, मॅडम होत्या आणि तो गाणेवाला होता. माणूस वाईट नव्हता. चौकशीबाई बोलत असताना त्याचा चेहरा पडत गेला, पण त्याने हार मानली नाही.

"म्हणजे गाणं पोचलं, हे तर तुम्हीच सांगताय!"

"पोचलं. मलाही आवडतं ते. स्वयंपाक करताना मीसुद्धा गुणगुणलेय."

"मग? पोरं चिडवतात, तर पोरांना आवरा. त्यात गाण्याचा काय दोष?"

"पोरं कशालाही चिडवतात, ते खरं," ती म्हणाली. "पण आपण त्यांच्या हातात नाव दिलं. आधी माणूस नुसता खोकायचा. आता खोकलेराव होतो."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. "बाई, सगळ्या गावांचा कार्यक्रम ठरलाय. आता ऐनवेळी..."

"ठरवू नका असं मी म्हणत नाही, साहेब. आमच्या एका वस्तीत थोडे दिवस गाणं बंद ठेवा. त्याऐवजी साध्या आवाजात सांगा, की असं असं आहे, या, कुणी हसणार नाही. आणि मग लॅबच्या बाकावर कोण येऊन बसतं ते बघा. नाही आलं कुणी, तर मी स्वतः कर्णा घेऊन खोकलेराव गात फिरेन."

मॅडमना हसू आवरले नाही. त्यांनी लगेच दुजोरा दिला. तपासणीची जागा मागच्या दाराने ठेवावी, कुणाला समोरून यावे लागू नये, हेही त्यांनीच सुचवले. साहेबांनी मान्य केले, पण अर्धवट मनाने.  शेवटी गाणेवाला म्हणाला, "साधं सांगायचं तर मलाच लिहू द्या. निदान ते तरी नीट होऊ दे."

कर्णा थांबला. पोस्टरे निघाली, रेडिओवरही गाणे लागेनासे झाले. चौकशीबाई घरी आली ती जवळजवळ धावतच. "ताई, गाणं बंद झालं!"

जाऊबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी नुसते बोट ओठांवर ठेवले. खालून आवाज येत होता: खॉक खॉक, खोकलेराव.

"कर्णा बंद झाला गं," त्या म्हणाल्या. "गाणं कुठं बंद झालंय?"

 कर्णा थांबवता येतो, हे चौकशीबाईला समजले होते. गल्लीचे तोंड थांबवायचा हुकूम कुठल्याच ऑफिसातून निघत नाही, हे तिच्या लक्षात आले नव्हते. तिने मुलीला जवळ बसवून समजावले. मुलगी गोंधळली. "पण मोठी आई तर हसते!" "हसते गं. माणूस रडवेला झाला तरी कधी कधी हसतो." मुलीने गाणे सोडले. पण एका मुलीने सोडून काय होणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीबाई पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काय गं, डबा हवाय?"

"तुम्ही चला."

"गाणं बंद झालं की येईन म्हटलं होतं."

"ते काही माझ्यानं झालं नाही. हरले मी त्यात. तरी चला."

जाऊबाईंनी पाठ फिरवली. चौकशीबाई उभीच राहिली, कामाला उशीर होईपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जाऊबाई टोमणे मारून थकल्या. "दारातला खांब झालीयस. फडकं मारायला बरी." "मारा." "नोकरी जाईल तुझी." "जाऊ दे." "हट्टी कुठली!" "तुमच्याच घरात राहून झाले."

मग एका सकाळी जाऊबाईंनी पीठ मळता मळता हात थांबवला. "माझ्यापायी तू साहेबांशी भांडलीस म्हणे."

"भांडले नाही. विचारलं फक्त."

"तेच ते. तुझं विचारणं म्हणजे भांडणच." त्यांनी हात धुतले, पीठ झाकले. "आज छापखान्याला कळव, डबे यायचे नाहीत. चल. आणि मागच्या दारानं बिरानं नाही. जाईन तर समोरून."

गल्लीत पोरे खेळत होती. जाऊबाईंना खोकला आला तसा एकाने सूर लावला. बाकीचे लगेच सामील झाले. चौकशीबाई पुढे होणार तोच जाऊबाईंनी तिला हात धरून मागे केले, आणि पोरांच्या घोळक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दवाखान्यातच निघालेय, बाळांनो. थुंकी तपासायला. कुणाच्या घरात अजून कुणाला यायचंय का? विचारून या, मी थांबते."

गाणे तिथेच तुटले. एक चेंडू तेवढा गटारापर्यंत घरंगळत गेला. जाऊबाई खरोखर थांबल्या, चांगल्या थांबल्या. कुणी आले नाही. पण त्या पुढे निघाल्या तेव्हा म्हातारे वॉचमन आपल्या दारातून बाहेर आले आणि कुणाशीही न बोलता थोडे अंतर ठेवून मागून चालू लागले.

लॅबवाल्याने छोटी डबी हातात दिली आणि मागच्या मोकळ्या अंगणात उभे केले. "मावशी, खोल श्वास घ्या आणि मोकळं, जोरात खोका. छातीतून आलं पाहिजे."

जाऊबाईंनी श्वास घेतला आणि तोंडावर हात गेला. सवयच झाली होती. पुन्हा घेतला, पुन्हा हात. इतके दिवस जो जाता जात नव्हता, तो खोकला आता बोलावून येईना. चौकशीबाईने त्यांचा हात तोंडावरून काढून आपल्या हातात घेतला. "ज्यानं श्वास दिलाय त्याच्यासमोर कसली लाज, ताई?" जाऊबाईंनी डोळे मिटले आणि खोकल्या, अशा खोकल्या की कुंपणावरचे कावळे उडाले.

आजार निघाला. औषध सुरू झाले. छापखान्यात जाऊबाईंनी स्वतःच निरोप धाडला, की बरी होईपर्यंत डबे बंद, आणि का बंद तेही कळवले. काहींनी दुसरीकडे डबा लावला. काहींनी रिकामे डबे घासून पुसून परत पाठवले, की बऱ्या झालात की भरा.

लॅबच्या बाकावर माणसे दिसू लागली. शिवणाऱ्या बाईने आपल्या गिऱ्हाइकाला शोधून आणले. कंडक्टर आला. गर्दी म्हणावी अशी नव्हती, पण लॅबवाल्याने यंत्राचा कपडा घडी करून कपाटात ठेवून दिला. गाणेवाल्याने लिहिलेली नवी घोषणा मात्र इतकी साधी होती की चौकशीबाईने दारात विचारले, तर लोक डोके खाजवत. "असं काही ऐकल्यासारखं वाटतंय बाई, पण नक्की आठवत नाही."

तिने ते जसेच्या तसे लिहून दिले. खोटे लिहिणे तिला जमणारे नव्हते. आणि व्हायचे तेच झाले. मॅडमनी तिला बोलावून सांगितले, "साहेब म्हणतायत, नवी घोषणा कुणाच्या लक्षात नाही, मग जुनं गाणंच परत आणू. बाकावरची माणसं मोजा, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणतात, बाकाचं कारण काहीही असू शकतं. उद्या पुन्हा बैठक आहे."

"मग उद्या पुन्हा सांगू."

"पुन्हा तेच?"

"त्यांना ऐकू येईपर्यंत."

घरी येऊन ती कागद जुळवत बसली. जाऊबाई औषधाच्या गोळ्या घेऊन, पाण्याचा पेला हातात धरून बघत होत्या. खोकला कमी झाला होता, पण चार पावले चालले की अजून धाप लागे. आता त्यांच्यापासून कुणाला धोका नाही, असे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते.

"काय म्हणतात तुझे साहेब?"

तिने सांगितले. जाऊबाईंनी गोळ्या गिळल्या, पेला खाली ठेवला आणि खुंटीवरची आपली बाहेर जायची शाल काढून उशाशी ठेवली.

"हे कशाला?"

"उद्या मी येतेय तुझ्याबरोबर. तू त्यांना गल्लीतलं सांगतेस, ते गल्लीत आले नाहीत, त्यांना काय दिसणार? सांग त्यांना, खोकलेराव जातीनं आलेत, काय विचारायचं ते तोंडावर विचारा."

सकाळी दोघी निघाल्या. जाऊबाई जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबत होत्या, आणि चौकशीबाई "राहू दे, ताई" म्हणाली की चिडून पुढची पायरी उतरत होत्या.